तंबाखूच्या रकान्यातलं ‘नाही’

सोळा नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून तवा घासते आहे. साधा लोखंडी तवा, एका बाजूचा कान तुटलेला. आधी राख लावली, मग विटेचा चुरा, मग चिंच आणि मीठ, शेवटी कंपनीतून आणलेला पॉलिश पेपर. वरचा थर निघतो आणि खालून दुसरा काळा थर वर येतो. गरम पाणी ओतलं की अजूनही तोच वास सुटतो… नाकात झिणझिणणारा, ठसका आणणारा. तवा माझ्या मैत्रिणीचा, कमलचा. उद्या तो तिच्या मुलीला, रोहिणीला द्यायचा आहे. भाकरीसाठी म्हणून तिनं मागितला आहे.

कमलला जाऊन सात आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी लाइनवर होते. आमची कंपनी चाकणला. गाडीच्या आत वायरिंगची जी जुडी असते ती आम्ही बायका उभ्या बोर्डांवर वायरी ओढून बांधतो. चाळीस बायकांची ती लाइन माझ्याकडे आहे. रोहिणीचा फोन आला, “मावशी, आई गेली,” एवढंच म्हणाली. मी घड्याळ बघितलं. चहाच्या सुट्टीला अकरा मिनिटं होती. लाइन थांबवावी असं माझ्या मनातही आलं नाही. सुट्टी झाली, बायकांना सांगितलं, गेटपास केला आणि निघाले. बायका रडल्या. मला रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. दीड वर्ष तिच्याबरोबर दवाखान्याच्या बाकांवर बसून जे कळायचं ते आधीच कळून चुकलं होतं. पण तिच्या जाण्यात माझ्या हातची एक गोष्ट आहे आणि ती कुणीतरी लिहून ठेवायला हवी. ते कुणीतरी म्हणजे मीच.

काळेवाडीत आमची घरं एकाच बोळात. कमल मूळची खेडच्याही पुढची, डोंगराकडच्या गावची. लग्न होऊन इकडे आली, नवरा टेम्पोवर, घरात रोहिणी एकटीच लेक. वीस वर्षांपूर्वी मीच तिला कंपनीत लावली. साहेबांनी शिक्षण विचारलं तर म्हणाली, “सातवी. पर चौथीपातुरच शिकले, म्होरले तीन वर्ग मास्तरांनी ढकलले.” साहेब हसले आणि घेऊन टाकली. बोटं मात्र अशी चालायची की महिनाभरात नव्या पोरींना तिच्या बोर्डापाशी उभं करून ‘बघा आणि शिका’ म्हणायची वेळ आली. गाणी म्हणत नसे, देवाचं बोलत नसे, कुणाची कुचाळकी करायची तर ती तोंडावर. मला तिचं ते आवडायचं.

आणि ती मशेरी लावायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची, पंधरा-वीस मिनिटं तोंडात धरायची आणि थुंकायची. आमच्याकडे कितीतरी घरांत बायका सकाळी उठून हेच करतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. माझी आई लावायची, सासू लावायची, मीही लावत होते. कमलला सकाळी लागायची, जेवल्यावर लागायची, डोकं धरलं की लागायची, नवऱ्याशी वाजलं की लागायची. तोंडात असली की ओठ मिटून नुसतं ‘हं… हं…’ करत नाकातून बोलायची आणि उरलेलं हातानं सांगायची. कोणता ‘हं’ होकाराचा, कोणता ‘थांब, थुंकून येते’चा आणि कोणता ‘गप बस’चा, हे मला बरोबर कळायचं.

मी लाइनची लीडर झाले तेव्हा पहिली अडचण हीच आली. बाथरूमला जायला पिवळं प्लास्टिकचं टोकन लागायचं. बायका मशेरीसाठी वेळी-अवेळी टोकन न्यायच्या आणि बोर्ड रिकामे राहायचे. अडवल्या तर दुपारनंतर त्यांची डोकी दुखायची, हात मंदावायचे, वायरी चुकायच्या. मी विचार केला आणि वहीत पाळी लावून दिली. दहाला दोघी, दहा-दहाला दुसऱ्या दोघी, अशी जेवणापर्यंत, आणि जेवणानंतर परत तशीच. बाथरूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर सगळ्यांत मिळून एकच डबी. दर रविवारी कमल आमच्या गच्चीवर याच तव्यावर आठवडाभराची मशेरी भाजायची, मी खलबत्त्यात कुटायची. लाइन घड्याळासारखी चालू लागली. मॅनेजरांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. खरं कारण त्यांना माहीत नव्हतं. कमल म्हणाली, “ताई, तुमी तर आमच्या थुकण्याचंबी टाइमटेबल लावलं की.” बायका आठवडाभर हसत होत्या. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

कंपनीत दरवर्षी तपासणीचा कॅम्प व्हायचा. त्याआधी प्रत्येकीचा फॉर्म भरायचा असायचा. बायकांना वेळ नसायचा, काहींना लिहायचा कंटाळा, म्हणून सगळ्या लाइनचे फॉर्म मी भरायची. नाव, वय, बाळंतपणं, ऑपरेशन झालं आहे का… आणि खाली एक रकाना, ‘तंबाखू’. पहिल्या वर्षी मी कमलला विचारलं, तंबाखू खातेस का? ती खरंच दुखावली. म्हणाली, “मी काय गडीमाणूस हाय व्हय तंबाखू खायला?” मी लिहिलं, नाही. माझ्या फॉर्मवरही लिहिलं, नाही. आम्ही खोटं बोलत नव्हतो. तंबाखू खाणं म्हणजे तळहातावर चुना घेऊन मळणं, गालात धरणं, पारावर बसलेल्या माणसांनी करायचं काम. आम्ही दात घासत होतो. पुढच्या वर्षांपासून मी विचारणंही सोडलं. चहाच्या एका सुट्टीत चाळीस फॉर्म संपवायची, वरपासून खालपर्यंत एका हातानं, नाही, नाही, नाही. कॅम्पचा डॉक्टर फॉर्म बघायचा, डोळ्यांची खालची पापणी ओढायचा, ब्लडप्रेशर घ्यायचा. पुरुषांच्या रांगेत ज्यांच्या फॉर्मवर ‘हो’ असायचं त्यांना आ करायला लावून तोंडात टॉर्च मारायचा. आमच्या रांगेत तो टॉर्च कधी पेटला नाही. सोळा वर्षं मी कमलचा फॉर्म भरला. सोळा वेळा तिचं तोंड मी माझ्या हातानं बंद ठेवलं.

तिच्या उजव्या बाजूच्या खालच्या हिरडीला पांढरा डाग आला, मग तिथं फोड झाला. तिला वाटलं अक्कलदाढ असेल. तिखट लागेना, तेव्हा भाजी पाण्यानं धुऊन खायला लागली. आणि त्या फोडावर ती मशेरी जास्त लावायला लागली, कारण मशेरीनं तेवढा भाग बधिर होतो आणि ठणका थांबतो. मला दाखवलं तेव्हा मीही म्हणाले होते, जरा दाबून लाव, बसेल. हे वाक्य मी म्हटलं आहे, दुसऱ्या कुणी नाही. असे सात-आठ महिने गेले. मग एका संध्याकाळी काळेवाडी फाट्यावर बस सोडून आम्ही पाणीपुरी खायला थांबलो. कमलच्या तोंडात पुरी जाईना. तिनं ती मोडून, पाणी सांडून तुकडे-तुकडे करून खाल्ली. बरोबरच्या बायका म्हणाल्या, कमळाबाई आता मडमेसारख्या खायला लागल्या. तीही हसली. मी तिला म्हटलं, आ कर. दोन बोटांपलीकडे तोंड उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी रजा टाकली आणि तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं तोंडात बघण्याआधीच विचारलं, “मशेरी लावता का?” कमल म्हणाली, व्हय, लहानपणापास्नं. बस, एवढंच. सोळा वर्षांत आम्हाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही तो लिहून घेतला नव्हता. हिरडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा मी बाजूलाच उभी होते.

कमलचं म्हणणं होतं की भाजल्यावर तंबाखूतलं विष जळून जात असणार, म्हणून तर भाजतात. डॉक्टर म्हणाली, उलट. तंबाखूतलं विष तसंच राहतं आणि भाजताना वर जळण्याची, काजळीची आणखी विषं तयार होतात. मग तिनं नीट समजावून सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक लिखाण असतं, काय बनवायचं, किती बनवायचं, कुठं थांबायचं. मशेरीतली विषं त्या लिखाणाला चिकटतात, ते तोडतात, फाडतात. पेशी ते दुरुस्त करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षानुवर्षं. कधीतरी दुरुस्ती चुकते आणि चुकीचं लिखाणच पुढे उतरत जातं, आणि नेमकी थांबायची सूचना पुसली गेली की त्या पेशी वाढतच सुटतात. हे मला लगेच समजलं. आमच्या बोर्डावर ड्रॉइंग चिकटवलेलं असतं. त्यावर तेल सांडून एका वायरीचा नंबर पुसला गेला, आणि कुणी अंदाजानं चुकीचा लिहिला, तर त्यापुढची प्रत्येक जुडी चुकीची निघते, बांधणारी कितीही हुशार असली तरी. बसमध्ये मी कमलला तसंच सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजी माझ्या तोंडात रिजेक्शन लागलंय.”

पण त्या दिवशी तिला खरं विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते तिनं डॉक्टरला उठता उठता विचारलं होतं. रोहिणी नऊ वर्षांची असताना तिची दाढ दुखत होती, तेव्हा कमलनंच तिच्या दाढेवर मशेरी दाबली होती. दाढ थांबली, मशेरी राहिली. कमलनं विचारलं, हे रक्तातून पोरीला जाईल का? डॉक्टर म्हणाली, “नाही. हे बिघडलेलं लिखाण तुमच्या हिरडीतलं आहे, ते जन्मातून मुलीकडे गेलेलं नाही. पण ती मशेरी लावत असेल तर तिच्या तोंडात हेच पहिल्यापासून नव्यानं सुरू होईल.” कमलनं माझा हात धरला. “रगतात न्हाई म्हणल्या बाई. सुटली माझी पोर.” तोंडात मरण घेऊन चाललेली बाई त्या दिवशी बोळात शिरताना हसत होती. घरोघरी सांगत गेली, रक्तात नाही. दुसरं वाक्य मी सांगत राहिले, पण चांगल्या बातमीपुढं ते कुणाच्या कानात थांबलं नाही. रोहिणीनंही पहिलंच उचललं.

मी त्याच दिवशी मशेरी सोडली. यात मोठेपणा नाही, भीती होती. अकरा दिवस डोकं फुटत होतं, पोट साफ होत नव्हतं, घरातल्या प्रत्येकावर ओरडले. अजूनही सकाळी उठल्या उठल्या बोट हिरडीकडे जातं… रिकामं.

कमलच्या उजव्या जबड्याचा भाग काढला, मांडीची कातडी गालाला लावली, मग किरणांचे शेक दिले. चार-पाच महिने बरे गेले. मग मानेत गाठ आली आणि डॉक्टर बोलताना आमच्याकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघायला लागली. कमलचं बोलणं आता कुणाला कळत नव्हतं, नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. मला कळायचं. मिटल्या ओठांचे तिचे ‘हं’ ओळखायची मला वीस वर्षांची सवय होती. असं काही कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. घरची माणसं मला बोलावून घ्यायची, काय म्हणते ते सांगा म्हणून. बहुतेक वेळा ती पाणी, उशी, पंखा म्हणायची. पुष्कळदा अंगठ्यावर तर्जनी घासून दाखवायची. ती काय मागते आहे ते मी कुणाला सांगितलं नाही आणि दिलीही नाही. आता वाटतं, शेवटच्या आठवड्यात द्यायला काय हरकत होती.

एक गोष्ट मात्र तिनं बोलून नाही, लिहून सांगितली, बहुतेक मला ऐकू न आल्याचं सोंग करता येऊ नये म्हणून. रिपोर्टच्या पाकिटाच्या मागे, ढकलून पास झालेल्या सातवीच्या अक्षरात, ‘ताई रोहीची सोडवा.’ ते पाकीट माझ्याकडे आहे.

मी प्रयत्न केला. रोहिणी तीन वर्षांपासून आमच्याच लाइनवर आहे, कंत्राटावर. आता तिला सातवा महिना आहे. आईच्या आजारपणात तिनं काही आठवडे मशेरी सोडली होती; तेराव्याच्या आधीच परत सुरू झाली. मी तिला तेच पेशींचं लिखाण, तेच ड्रॉइंग, सगळं सांगितलं. डॉक्टरनं सांगितलेलं हेही सांगितलं की तोंडातली तंबाखू आईच्या रक्तात उतरते आणि तिथून पोटातल्या बाळापर्यंत जाते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मावशी, माझ्या वेळी आई लावतच होती ना? मी आहे की चांगली.” बोलणारी पोर समोर धडधाकट उभी होती, आणि जिच्याकडे बोट दाखवायचं ती उरली नव्हती. लाइनवरची पाळीही मी बंद केली. कट्ट्यावरची डबी उचलून कचऱ्यात टाकली. आठवड्याभरात तिथं पुडी आली. आता मशेरी आयती मिळते, भाजायची गरज राहिलेली नाही. आणि पाळी बायकांनी आपली आपण लावून घेतली, माझ्याच जुन्या वहीवरून.

म्हणून तवा द्यायला माझी हरकत नाही. तो अडवून काही थांबणार नाही, आणि पोरीला आईच्या तव्यावर भाकरी करावीशी वाटते यात वाईट काय आहे? वास जात नाही तेवढंच. शुक्रवारी या वर्षीच्या कॅम्पचे फॉर्म आलेत. तवा उन्हात ठेवला आणि फॉर्म घेऊन बसले. ‘तंबाखू’ छापलेलं होतं, त्याच्यापुढे चाळीसही फॉर्मवर पेनानं ‘मशेरी’ असं लिहिलं. उत्तराची जागा या वेळी कोरी ठेवली. विचारून भरायची.

हे शेवटचं सोमवारी लिहिते आहे. सकाळी पावणेसहाची बस. रोहिणी फाट्यावर चढली आणि नेहमीसारखी माझ्या शेजारी बसली. ओठ मिटलेले. म्हणाली, ‘हं.’ हा ‘आलात का’चा ‘हं’ होता, सहीसही आईचा. मी पिशवीतून तवा काढून दिला. तिनं वरचा कागद सोडला, तव्यावरून तळवा फिरवला, तुटलेला कान अंगठ्यानं चाचपला आणि तवा पोटाशी मांडीवर घेऊन बसली. मग मी तिचा फॉर्म काढला आणि पेन उघडून विचारलं, मशेरी? तिनं काच सरकवली, बाहेर थुंकली, ओढणीनं तोंड पुसलं.

“नाही लिहा, मावशी.”

“आत्ता थुंकलीस.”

“हो लिहिलं की तोंड बघणार. काही निघालं तर कंत्राटदार बाळंतपणाआधीच घरी बसवेल. नंतर बघू ना.”

मी म्हटलं, तुझ्या आईचं मी सोळा वर्षं ‘नाही’ लिहिलं.

“मग माझं एवढं एकदा लिहा.”

मोशीचा थांबा येईपर्यंत मी पेन धरून बसले. मग ‘हो’ लिहिलं आणि तिला दिसेल असा फॉर्म धरला. तिनं तो वाचला. तवा उचलला, एका हातानं सीटचा दांडा धरत उठली आणि चार रांगा पुढे जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं पर्समधून पुडी काढली. मी पुढचा फॉर्म घेतला.